हिरवं बंद

लिउझा गावाच्या पुलावर उभं राहून कुणालाही विचारलं असतं, की इथे पालेभाजी कुणाच्या हातची खावी, तर त्याने कालव्याकाठच्या तिसऱ्या घराकडे बोट दाखवलं असतं. ते रुईलियानचं घर. अठ्ठावीस वर्षं ती रेशमाच्या गिरणीच्या खानावळीत कढईपाशी उभी होती. मासे दुसरी बाई करायची, मटण तिसरा कोणी करायचा. रुईलियानकडे फक्त पानं. चारशे माणसांची पानं ती लोखंडी फावड्याने परतायची, आणि जेवायला बसलेल्या चारशेव्या माणसाच्या वाटीतही पान हिरवंगार असायचं.

हाताखाली येणाऱ्या नव्या पोरींना ती फार शिकवत नसे. भाजी धुऊन निथळेपर्यंत हात लावायचा नाही. चरबीतून धूर निघाला की आधी देठं, मग पानं. मीठ सगळ्यात शेवटी. "कढईत पाणी दिसलं ना, की समजायचं आपण भाजी करत नाही, कपडे धुतोय," एवढं म्हणून ती पुढच्या टोपलीकडे वळायची. हिवाळ्यात दहिवराने गोड झालेली आखूड देठांची भाजी, वसंतात तीन पानांच्या लसूणघासाचे कोवळे कोंब, त्यांवर शेवटी दारूचा एक शिपका, उन्हाळ्यात माठ आणि पाण्यातला पालक. तिचं वर्ष असं पानांवरून सरकायचं.

नवरा चांगगेन बुरूड होता. वाफेवर पाव उकडायच्या बांबूच्या टोपल्या विणायचा. भात हा त्याच्या लेखी पानं खाण्याचं निमित्त होता. ती त्याला म्हातारा म्हणायची, तो तिला म्हातारी. दोघं तिशीत होते तेव्हापासून म्हणत आले होते, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर ते खरं होऊ लागलं होतं.

अशा बाईच्या हातून जे झालं ते पालेभाजी केल्यामुळे नाही, न केल्यामुळे झालं. राग यावा तर कुणाचा, हे अजूनही ठरवता येत नाही.

चांगगेनच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने खराब झाली होती. ती इतकी वर्षं रेटली, आणि एका शरदात तो पुलाचा चढ चढताना खाली बसला तो उठेना. प्रांताच्या मोठ्या दवाखान्यात छाती उघडून धातूची झडप बसवली. शुद्धीवर आल्यावर खोली शांत असली की त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू यायची. "घरातलं घड्याळ विकून टाक म्हातारे," तो म्हणाला. ती हसली, आणि मग बाहेर जाऊन रडली.

दवाखान्यामागच्या गल्लीत चुली भाड्याने मिळायच्या. रोग्यांच्या बायका, मुलं, आया तिथे रांगेने उभं राहून आपापल्या माणसाचं रांधायची. रुईलियान पहाटे मंडईतून भाजी आणायची आणि दुपारी डबाभर परतलेली पानं घेऊन वर जायची. महिनाभर एक दिवस चुकला नाही. चांगगेन डबा चाटूनपुसून खायचा. इकडे डॉक्टर रोज त्याचं रक्त काढून गोळी ठरवत होते. एक गोळी कमी पडली, दोन जास्त झाल्या, दीडवर रक्ताचा आकडा स्थिरावला.

घरी सोडताना एका उंच डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "या गोळीने रक्त पातळ राहतं. घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरेल. फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागेल. म्हणून गोळी चुकवायची नाही, दर महिन्याला तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं. आणि इथे जे जेवतात, जेवढं जेवतात, तेच घरी चालू ठेवा. जेवण बदलू नका."

तिने मान डोलावली. त्यांनी आणखीही सांगितलं होतं. ओझं उचलायचं नाही, थंडी लागू द्यायची नाही, दारू बंद, शिंक आली तर छातीला उशी धरायची. सगळ्या सूचनांत ही जेवणाची सूचना सोपी वाटली, म्हणून तीच सगळ्यात कमी लक्षात राहिली.

हिवाळा नीट गेला. चार वेळा रक्त तपासलं, चारही वेळा आकडा जागेवर. चांगगेन अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या काढायला लागला. गालांवर रंग आला. मग वसंतात पितरांच्या थडग्यांवर माती घालायचा दिवस आला आणि त्याची थोरली बहीण पेइयुन मुक्कामाला आली.

पेइयुन ही साधी नणंद नव्हती. आई गेल्यावर तिने चांगगेनला वाढवलं होतं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न चार वर्षं पुढे ढकललं होतं. शाळेत बाई होती. वय एकाहत्तर, पाठ ताठ, आणि छापलेल्या अक्षरावर तिचा अढळ विश्वास. जेवायला बसताना तिने भावाच्या समोरची थाळी पाहिली. लसूणघासाच्या कोंबांचा हिरवा ढीग होता.

"लहान्या, गोळी चालू आहे ना तुझी?"

"आहे की ताई. दीड."

"मग हे काय? रुईलियान, औषधावर हिरवं देतेस तू याला?"

"वन्सं, त्याला पानांशिवाय घास उतरत नाही."

"माझ्या सासऱ्यांना वैद्याचा काढा चालू होता तेव्हा घरात हिरवे मूग नाहीत, मुळा नाही, हिरवं पान नाही. हिरवं औषध उतरवतं. हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"हे दवाखान्यातलं औषध आहे. काढा थोडाच आहे?"

"पोटाला काय कळतंय, काढा कुठला आणि गोळी कुठली," पेइयुन म्हणाली. तिने गोळ्यांचं खोकं मागवलं, आतला घडीचा कागद उलगडला, चष्मा चढवला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "पालेभाज्या जास्त खाल्ल्यास औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो."

छातीतली टिकटिक तेवढी चालू होती.

"जास्त म्हटलंय, वन्सं," रुईलियान हळूच म्हणाली.

"आणि तू काय कमी करतेस? परातभर करतेस. जास्त कुठे सुरू होतं ते या कागदावर नाही. शून्य कुठे असतं ते मला ठाऊक आहे. परिणाम कमी झाला आणि त्या लोखंडावर गाठ धरली, तर काय करशील?"

रुईलियानला गाठ दिसली. काळी, बोराएवढी. महिनाभर तिने डब्यातून रोज नेमकं तेच नेलं होतं का, असं तिला वाटलं. कागद खोटं बोलत नव्हता. नणंद वाईट चिंतत नव्हती. तिने उठून ती थाळी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"अगं, निदान आजचं तरी," चांगगेन म्हणाला.

"गप बस म्हाताऱ्या. जीव मोठा की जीभ?"

इथे तिने माती खाल्ली. डॉक्टरांचं ते सोपं वाक्य तेव्हा आठवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण माणसाला भीती पटकन पटते, आणि प्रेम करणाऱ्याला तर फारच पटकन.

त्या दिवसापासून घरात हिरवं बंद झालं. रुईलियानने पथ्य धरलं की कसं धरायची ते गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. कांद्याची पातसुद्धा नाही. कमळाची मुळं, बांबूचे कोंब, बटाटे, टोफू, मासा, पांढरा कोहळा. ती स्वतःही खाईना, कारण त्याच्या देखत खाणं तिला जमलं नसतं. एकदा शेजारणीने कोवळी भाजी आणून दिली, तर तिने ती बदकांना घातली. चांगगेन खिडकीतून बघत होता. "बदकांची चैन आहे," तो म्हणाला. त्यात विनोद थोडाच होता.

तीनेक आठवड्यांनी सकाळी दात घासताना त्याच्या ब्रशवर रक्त दिसलं.

"उष्णता," तो म्हणाला. "पानं नाहीत पोटात, अंग तापणारच."

रुईलियानच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात कालवा गोठला होता, भाजीच्या होड्या महिना-दीड महिना आल्या नव्हत्या, आणि गिरणीतल्या पोरींच्या हिरड्यांतून असंच रक्त यायचं. होड्या आल्यावर तिने पहिल्याच दिवशी दुप्पट भाजी परतली होती आणि आठवड्यात हिरड्या बऱ्या झाल्या होत्या. हिरड्यांचं ते दुखणं वेगळं होतं, हे वेगळं. पण तिचा हात तिला तेच सांगत होता, की याला पान हवंय. ती मंडईत गेली, माठाची एक जुडी उचलली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली. कागदावरचं वाक्य तिला पाठ झालं होतं.

पाचव्यांदा रक्त तपासायची तारीख त्याच आठवड्यात होती. चांगगेन जाईना. "चार वेळा तोच आकडा आलाय. पाचव्यांदा काय नवीन सांगणार आहेत? सणाआधी टोपल्या द्यायच्यात, सण झाला की जाऊ." तिने वाद घालायला हवा होता. पण आपण इतकं कडक पाळतोय म्हटल्यावर आकडा बिघडेल कसा, असं तिलाही वाटलं.

मग त्याच्या मांडीवर काळानिळा डाग उठला, तळहाताएवढा. कुठे आपटलास, तर आठवत नाही म्हणाला. चार दिवसांनी दंडावर दुसरा. टोपल्या विणताना बांबूची पट्टी अंगठ्याला लागली. बुरुडाचा अंगठा आयुष्यभर कापत आलेला, त्याचं कुणाला कौतुक नसतं, पण त्या दिवशी ती दुपारची भांडी घासून बाहेर आली तरी तो चिंधी दाबूनच बसला होता. चिंधी तिसरी होती.

"थांबत का नाही रे?"

"पातळ करायला तर गोळी खातोय ना मी? औषध लागू पडतंय," तो म्हणाला.

तिनेही स्वतःला तेच सांगितलं. आधी पानं औषध उतरवत होती, आता पानं नाहीत म्हणून औषध पुरतं चढलंय. हिशेब इतका नीट जुळत होता की त्यात चूक शोधायला जागाच नव्हती. तरी ती त्याच्याकडे चोरून बघत राहायची. त्याचे डोळे, नखं, ओठ. घरात काहीतरी चालत येत होतं आणि ते कुठल्या दारातून येतंय हे तिला कळत नव्हतं.

पाचव्या महिन्याच्या पंचमीला पेइयुन पुन्हा आली. त्या दिवशी दुपारच्या ताटात पाच लाल पदार्थ लागतात. भाजलेलं बदक, नदीची कोळंबी, लाल रश्शातली वाम, खारवलेल्या अंड्याचा तांबडा बलक आणि लसूण घालून परतलेला लाल माठ. माठाशिवाय पाच होत नाहीत. रुईलियानने नणंदेकडे पाहिलं.

"लाल आहे तो, हिरवा थोडाच आहे," पेइयुन म्हणाली. "लालने रक्त वाढतं. सणाचं म्हणून दोन घास दे."

दोन महिन्यांनी रुईलियानने कढई पानांसाठी तापवली. चरबीतून धूर निघाला, लसूण पडला, पानं पडताना तो ओळखीचा आवाज झाला आणि तिचे डोळे भरून आले. चांगगेनने दोन घास खाल्ले. भांड्यातलं लालभडक पाणी भातावर ओतून घेतलं, लहान मुलं घेतात तसं. "आता मेलो तरी चालेल," तो म्हणाला आणि बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाक मारली. तामचिनीच्या पांढऱ्या भांड्यात लघवी लाल होती.

पेइयुनने वाकून पाहिलं आणि हसली. "माठ आहे तो. दर सणाला माझा धाकटा मुलगा असंच करून मला घाबरवायचा. कालचा रंग आज उतरला." चांगगेनही हसला. लिउझात सणाच्या दुसऱ्या दिवशी अशी लाल लघवी घरोघरी एखाददोघांना होते, त्यावर थट्टा होते, आणि कुणी डॉक्टरकडे जात नाही. पेइयुन दुपारच्या गाडीने घरी गेली.

तिसऱ्या दिवशीही भांडं लाल होतं, आणि कालच्यापेक्षा गडद.

रुईलियान त्या भांड्यापाशी उकिडवी बसली. साऱ्या आयुष्यात तिने किती माठ परतला असेल त्याला गणती नव्हती. माठाचा रंग जांभळटाकडे झुकतो आणि तो दिवसभरात संपतो. दोन घासांचा तर दुपारपर्यंतही टिकत नाही. हा रंग वेगळा होता. तळाशी काहीतरी दाट बसलं होतं.

"कपडे घाल म्हाताऱ्या. तालुक्याला जायचं."

"अगं टोपल्या..."

"घाल म्हटलं ना."

बसमध्ये तो खिडकीशी बसला. अर्ध्या वाटेवर डोकं दुखतंय म्हणाला, उजेड सहन होत नाही म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याचा डावा पाय घसटायला लागला. त्याने तिला काहीतरी सांगितलं, पण शब्द एकमेकांत अडकले होते. दोघा माणसांनी त्याला ढकलगाडीवर घातलं आणि आत नेलं. कुणीतरी रक्त काढलं. सुई टोचलेली जागा वाहतच राहिली.

रक्ताच्या पातळपणाचा आकडा दोनच्या आसपास असायला हवा, तो नऊच्या वर गेला होता. डोक्याच्या फोटोत एक पांढरा ठिपका होता. रुईलियानला तो दाखवला तेव्हा तिला वाटलं गाठ आहे. ज्याला भ्यायलो तेच झालं, असं वाटलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की गाठ नाही, डोक्यात रक्त वाहतंय.

"गोळी किती देत होता?"

"दीड. एकही चुकली नाही. मी स्वतः देते."

"दुसरं काही औषध? काढा, मुळी, दारू?"

"काही नाही."

"जेवणात काही बदल?"

एवढ्या गोंधळात एका प्रश्नाला तरी आपल्याकडे चांगलं उत्तर आहे, म्हणून रुईलियान ताठ बसली. "पथ्य कडक आहे त्यांचं. आधी रोज डबाभर पालेभाजी खायचे, ती मी पूर्ण बंद केली. दोन महिने हिरवं पान तोंडाला लागू दिलं नाही. सणाला माठाचे दोन घास दिले तेवढेच."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "आधी म्हणजे गोळी ठरवली तेव्हा?"

"हो. मोठ्या दवाखान्यात. मीच रोज न्यायची."

डॉक्टरीणबाईंनी परिचारिकेला एक इंजेक्शन आणायला सांगितलं आणि मग रुईलियानकडे बघून सावकाश बोलल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. हिरव्या पानांत एक सत्त्व असतं, त्याने रक्त घट्ट होतं. गोळी त्याच्या उलट ओढते. मोठ्या दवाखान्यात दीड गोळी ठरली ती त्या रोजच्या डब्यासकट ठरली. डबा बंद झाला आणि गोळी दीडच राहिली, मग तिला उलट ओढणारं कोणी उरलं नाही. कागदावरचं खरंच आहे, एकदम जास्त खाऊ नये. पण खाणाऱ्याने एकदम सोडूही नये.

परिचारिका छोटी कुपी घेऊन आली. "यात काय आहे?" रुईलियानने विचारलं.

"तेच सत्त्व. पानांतलं."

कुपी करंगळीच्या पेराएवढी होती. रुईलियानने ती सुईत भरताना पाहिली, दंडात जाताना पाहिली. रक्ताच्या पिशव्याही लावल्या. डॉक्टरीणबाईंनी जे करायचं ते सगळं केलं. काल आला असता तर, एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत चांगगेनने डोळे उघडणं सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला तो गेला.

दक्षिणेत दिलेली त्यांची मुलगी आली, जावई आला, गिरणीतल्या जुन्या बाया आल्या. पेइयुन आली तेव्हा दोघी बाया दोन्ही बाजूंनी तिला धरून आणत होत्या. ती भावाजवळ बराच वेळ बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मग रुईलियानजवळ आली.

"कशाने गेला गं? काय म्हणाले डॉक्टर?"

रुईलियानच्या जिभेवर सगळं आलं होतं. दोन रात्री ती ते वाक्य घडवत होती. कागद, चष्मा, ‘शून्य कुठे असतं ते मला ठाऊक आहे’, सगळं. समोर एकाहत्तर वर्षांची बाई उभी होती, जिने या माणसाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आणि ती थाळी शेवटी उचलली होती ती रुईलियानच्या हातांनी, पेइयुनच्या नव्हे.

"डोक्यात रक्त साचलं, वन्सं. न्यायला उशीर झाला."

पेइयुनने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. जमलेल्या बाया ऐकत होत्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तू त्याचं काही कमी केलं नाहीस. पथ्य किती कडक पाळलंस, मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरीने नसतं पाळलं."

बायांनी माना डोलावल्या. खरं आहे, कुणीतरी म्हणालं, असं पथ्य कुणी पाळत नाही.

"हो वन्सं," रुईलियान म्हणाली. "एक दिवससुद्धा मोडलं नाही."